बैराटची शिळा आणि सुत्त वाचण्याची रीत

राजस्थानात जयपूरच्या उत्तरेला बैराट नावाचे जुने गाव आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर एका वर्तुळाकार बौद्ध मंदिराचे अवशेष अजून दिसतात. १८४० मध्ये कॅप्टन बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याला या परिसरात ब्राह्मी अक्षरे कोरलेली एक शिळा सापडली. पुढे ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत नेण्यात आली आणि आजही तिथेच आहे. जवळच्या गावावरून अभ्यासक तिला भाब्रूचा शिलालेखही म्हणतात.

सम्राट अशोकाचे बाकीचे बहुतेक लेख प्रजेसाठी किंवा अधिकाऱ्यांसाठी आहेत. प्राण्यांची हत्या कमी करा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, असे त्यांचे विषय. बैराटचा लेख मात्र थेट भिक्षुसंघाला उद्देशून आहे. राजा संघाला अभिवादन करतो, खुशाली विचारतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरची आपली श्रद्धा सांगतो. भगवंतांनी जे जे सांगितले ते सगळेच उत्तम आहे, हे मान्य करून मग तो सात धम्मपाठांची नावे घेतो. भिक्षू आणि भिक्षुणी, तसेच उपासक आणि उपासिका यांनी हे पाठ पुन्हा पुन्हा ऐकावेत आणि त्यांवर मनन करावे, अशी त्याची इच्छा आहे. सद्धम्म दीर्घकाळ टिकावा, हे त्यामागचे कारण.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला हा मजकूर मोठा नाही, पण त्यातल्या चार गोष्टी आजच्या साधकाने नीट पाहाव्यात अशा आहेत. अशोकाने निवड केली, सगळे वाचा असे म्हटले नाही. त्याने एकदा ऐकून थांबायला सांगितले नाही, वारंवार ऐकायला सांगितले. आणि ऐकण्याला मननाची जोड दिली. शिवाय हे काम त्याने चीवरधारी भिक्षूंपुरते ठेवले नाही, संसारी स्त्री-पुरुषांनाही त्यात घेतले. प्राचीन बौद्ध सुत्तांचा अभ्यास साधनेला खोली कशी देतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या चार गोष्टींत आहे.

ही सात नावे आजच्या त्रिपिटकात कुठे सापडतात? हा शोध घेणाऱ्यांत एक ठळक नाव गोव्याच्या माणसाचे आहे. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये साखवाळ गावी जन्मले. लहानपणी ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचून त्यांच्या मनात जी ओढ निर्माण झाली ती पुढे कधी सुटली नाही. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, गया असे भटकत, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकत ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपात पोचले. तिथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन, मग ब्रह्मदेशात साधना. पुढे कलकत्त्याची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना पन्नास रुपयांच्या मदतीवर ते महाराष्ट्रात पालीच्या प्रसारासाठी आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत त्यांनी भाब्रू लेखातल्या पाठांची त्रिपिटकाशी सांगड घालणारा लेख लिहिला. आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातही त्यांनी हा विषय घेतला.

पहिल्या नावाबद्दल विद्वानांत अजून एकमत नाही. बाकीच्यांचा मागोवा बराच पटण्यासारखा आहे. तीन पाठ सुत्तनिपातातले आहेत: एकाकी मुनीचे वर्णन करणारे मुनिसुत्त, मौन आचरणाचा उपदेश करणारे नालकसुत्त, आणि सारिपुत्ताने भिक्षूच्या राहणीविषयी विचारलेल्या प्रश्नाचे सारिपुत्तसुत्त. दोन अंगुत्तरनिकायातले. त्यांपैकी एकात मिळेल त्या चीवरात, भिक्षेत आणि निवाऱ्यात समाधान मानण्याची, आणि भावनेत म्हणजे चित्ताच्या साधनेत रमण्याची आर्य परंपरा सांगितली आहे. दुसऱ्यात पुढे येणाऱ्या भयांची यादी आहे. रानात एकट्या राहणाऱ्या भिक्षूला साप चावू शकतो, आजार येऊ शकतो, म्हातारपण आणि दुष्काळ तर येणारच; म्हणून जे मिळवायचे त्यासाठी आजच उद्योग कर, असा त्याचा सूर. याच भयांमध्ये एक असेही आहे की, पुढच्या काळातले भिक्षू खोल अर्थाची सुत्ते ऐकायला कान देणार नाहीत, कवींनी रचलेल्या सजवलेल्या वाणीकडे मात्र धावतील. मूळ वचनांचा अभ्यास मागे पडणे हा धोका आहे, याची जाणीव त्या वचनांमध्येच होती.

या निवडीत विश्वाची रचना नाही, पूर्वजन्मांच्या कथा नाहीत, चमत्कारांवर भर तर नाहीच. जवळजवळ सगळा भर वागण्यावर आहे. साम्राज्य चालवणाऱ्या माणसाने अशी यादी करावी, यावरून त्याने हे पाठ नुसते ऐकले नव्हते, स्वतःला लावून पाहिले होते, असे म्हणायला जागा आहे.

सातव्या पाठाबद्दल तर शंकाच उरत नाही, कारण अशोकाने त्याची खूण सांगून ठेवली आहे: भगवंतांनी खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. राहुलाला उद्देशून सुत्ते अनेक आहेत, मज्झिमनिकायातच तीन आहेत. कोणते ते नेमके कळावे म्हणून राजाने विषय नोंदवला. हे मज्झिमनिकायातले ६१ वे सुत्त, अंबलट्ठिक-राहुलोवाद. सुत्त कसे वाचावे हे शिकवणारे सुत्त निवडायचे झाले तर याच्याइतके चांगले दुसरे क्वचितच सापडेल.

प्रसंग साधा आहे. भगवान राजगृहात वेळुवनात राहत आहेत, राहुल जवळच अंबलट्ठिकेला. अट्ठकथेच्या म्हणजे जुन्या पाली भाष्याच्या मते तेव्हा तो सात वर्षांचा होता. संध्याकाळी भगवान त्याच्याकडे येतात. पोरगा लांबूनच त्यांना पाहतो, आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. भगवान पाय धुतात आणि भांड्यात थोडेसे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवतात. ते राहुलाला दाखवून म्हणतात, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी फेकून देतात, आणि त्याचे श्रमणपण असे फेकलेले असते असे सांगतात. मग भांडे पालथे घालतात. मग सरळ करून ते रिकामे भांडे दाखवतात. चार वेळा तेच वाक्य, चार वेळा भांड्याची वेगळी अवस्था.

त्यानंतर राजाच्या लढाऊ हत्तीचे उदाहरण येते. हत्ती युद्धात पुढचे पाय, मागचे पाय, डोके, कान, दात, शेपूट सगळे वापरतो, पण सोंड जपतो, तोवर माहुताला कळते की याने अजून जिवाची आशा सोडलेली नाही. सोंडही वापरू लागला की तो काहीही करायला मागेपुढे पाहणार नाही. खोटे बोलण्याची लाज गेलेला माणूस तसाच. म्हणून थट्टेतही खोटे बोलणार नाही, असे शिकायचे.

आणि मग भगवान विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, निरखून पाहण्यासाठी. इथून सुत्ताचा गाभा सुरू होतो. कायेने, वाचेने आणि मनाने होणारे प्रत्येक कर्म असेच निरखून करायचे. करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर, प्रत्येक वेळी विचारायचे: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होणार आहे का? आधी तसे दिसले तर करू नये. करताना लक्षात आले तर तिथेच थांबावे. झाल्यावर उमगले तर काया-वाचेचे कर्म शास्त्यापाशी किंवा जाणत्या सहकाऱ्यापाशी उघड करावे, मनाच्या कर्माची लाज धरावी आणि पुढे सावध राहावे. आणि त्रासाचे काही आढळले नाही तर? तर आनंदात राहावे, रात्रंदिवस कुशल धर्मांत स्वतःला घडवीत. आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला सतत कोसत राहणे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हा शेवटचा भाग जरूर वाचावा. चांगल्या कर्माचा निर्मळ आनंद घेणे हाही इथे अभ्यासाचाच भाग आहे.

तीन द्वारे आणि तीन काळ मिळून नऊ जागा होतात. पालीत प्रत्येक जागेसाठी जवळपास तीच वाक्ये पुन्हा येतात. छापील आवृत्त्यांत जागा वाचवण्यासाठी ती गाळून मध्ये ‘पे’ असे लिहिलेले असते. घाईने वाचणारा तिथून उडी मारतो आणि त्याला वाटते, कळले. खरे काम तर त्या पुनरावृत्तीतच असते. ‘कायेने करण्याआधी’ हे वाचून झाल्यावर ‘वाचेने करत असताना’ इथे येईपर्यंत वाचणाऱ्याच्या मनात स्वतःच्या दिवसातले काहीतरी वर आलेले असते.

समजा, एखादी शिक्षिका सकाळी हे सुत्त वाचून शाळेत जाते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये रजेवर असलेल्या सहकाऱ्याचा विषय निघतो. तिच्याजवळ त्याच्याबद्दलची एक गोष्ट आहे, खरीच, पण सांगितली तर सगळे हसणार आणि त्याची किंमत कमी होणार. बोलण्याआधी तपासायचे ते राहून गेले, वाक्य सुरू झाले. अर्ध्या वाक्यात तिला सकाळचे वाचन आठवते. आता थांबायचे की वाक्य पुरे करायचे? जीभ सुटलेली असताना, समोर ऐकणारे कान असताना थांबणे किती जड जाते, हे तिला त्या क्षणी प्रथमच कळते. सुत्तातला ‘करत असताना’ हा भाग तिने दहा वेळा वाचला असेल, पण त्याचा अर्थ स्टाफरूममध्ये उलगडला. संध्याकाळी ध्यानाला बसल्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसेल: बोलण्याच्या आधी छातीत उठलेली ती उबळ, लक्ष वेधून घेण्याची. उद्या ती उबळ ओळखीची असेल.

ध्यान आणि ग्रंथ यांचे नाते हे असे आहे. करता करता थांबण्याची ताकद बैठकीतून येते, कारण मनात काय चालले आहे ते पाहण्याची सवय तिथे लागते. पण कुठे पाहायचे, काय विचारायचे, हे सुत्त सांगते. नुसती बैठक असेल तर पुष्कळदा शांततेची गोडी लागते आणि स्टाफरूममधली जीभ होती तशीच राहते. नुसते वाचन असेल तर उबळ दिसतच नाही.

ही सुत्ते मुळात पुस्तके नव्हती, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. काही शतके ती फक्त पाठांतरावर टिकली. परंपरा सांगते त्याप्रमाणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळात, ती पहिल्यांदा लिहून ठेवण्यात आली. मातळेजवळच्या अलुविहाराशी ही आठवण जोडलेली आहे. त्याआधी आणि त्यानंतरही पाठ करून म्हणणारे भिक्षू असत, त्यांना भाणक म्हणत. कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे. महाराष्ट्रात याचा पुरावा दगडावर आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर दात्याचे नाव कोरले आहे: सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय पंथाचा भाणक सातिमित. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, जिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला आहे. घाट चढून कार्ल्याला दान देणाऱ्या या भिक्षूची ओळख त्याच्या मुखात असलेल्या धम्मपाठाने दिली गेली.

सुत्त तोंडपाठ असणे याला त्या काळी किती मोल होते, ते सोण कुटिकण्ण याच्या कथेतून दिसते. अवंती देशात भिक्षू इतके थोडे होते की, उपसंपदेसाठी म्हणजे पूर्ण दीक्षेसाठी लागणारे दहा भिक्षू जमवायला त्याचे गुरू महाकच्चान यांना तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनाला श्रावस्तीला गेला. भगवंतांनी त्याला आपल्याच कुटीत मुक्कामाला घेतले. रात्रीचा बराच काळ दोघे बाहेर मोकळ्या जागेत बसून होते. पहाटे भगवंतांनी त्याला धम्म म्हणायला सांगितले, तेव्हा त्याने अट्ठकवग्गातली सोळाच्या सोळा सुत्ते म्हणून दाखवली, आणि भगवंतांनी त्याच्या पाठाची आणि वाणीची वाखाणणी केली. अट्ठकवग्ग आज सुत्तनिपातात आहे आणि बौद्ध साहित्याच्या सर्वांत जुन्या थरांत तो धरला जातो. सीमाभागातल्या एका तरुण भिक्षूला तो मुखोद्गत होता, म्हणजे तोही एकटा असताना, चालताना, बसताना तेच मनात घोळवीत असणार.

म्हणून सुत्त मोठ्याने वाचावे. घरात संकोच वाटत असेल तर ओठ हलवीत तरी वाचावे. डोळा पुनरावृत्ती गाळतो, जीभ गाळू शकत नाही.

पाठ करणे आणि मनन करणे यांतून चित्तात काय घडते, हे अंगुत्तरनिकायाच्या पाचव्या निपातात फार मोकळेपणाने सांगितले आहे. तिथे मुक्तीची पाच दारे मोजली आहेत: कोणाकडून धम्म ऐकताना, दुसऱ्याला सांगताना, पाठ म्हणताना, मनात घोळवताना, आणि समाधीचे निमित्त नीट धरल्यावर. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच आहे. अर्थ उमगतो, त्यातून प्रसन्नता येते, प्रसन्नतेतून प्रीती, शरीर शांत होते, सुख वाटते, आणि सुखी चित्त समाधिस्थ होते. पाचांपैकी चार दारे ऐकणे, सांगणे, म्हणणे आणि विचार करणे यांची आहेत. वाचन म्हणजे डोक्याचे काम आणि ध्यान म्हणजे खरे काम, अशी वाटणी करणाऱ्यांना हे सुत्त चांगलेच अडवते.

चंकीसुत्तात याहून बारीक पायऱ्या आहेत. कोसल देशात कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण विद्यार्थी भगवंतांना विचारतो की, सत्यापर्यंत पोचायचे कसे. उत्तरात आधी गुरूची पारख येते: या माणसात लोभ, द्वेष, मोह आहे का, ते तपास. मग श्रद्धा, जवळ जाणे, कान देणे, ऐकणे, लक्षात ठेवणे. मग अर्थाची छाननी, आणि छाननीतून मनाला ते पटणे. त्यानंतर उत्साह, प्रयत्न, तोलून पाहणे, निकराची साधना, आणि शेवटी स्वतःला झालेले दर्शन. लक्षात ठेवणे आणि छाननी यांच्याशिवाय निकराच्या साधनेपर्यंतची शिडी उभीच राहत नाही.

छाननी म्हणजे काय, ते पुन्हा कोसंबींकडे पाहून कळते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले आणि तो रात्री गुपचूप निघून गेला, ही कथा घरोघरी माहीत आहे. कोसंबींनी जुनी सुत्ते चाळली तेव्हा त्यांना दिसले की, ही कथा दीघनिकायात विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या नावावर आहे. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात तर भगवान स्वतः सांगतात की, आईवडील अश्रू ढाळत असताना आपण केस-दाढी काढून घर सोडले. मग गुपचूप निघणे कुठे राहिले? सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्ताच्या आधारे कोसंबींनी आणखी एक कारण पुढे ठेवले: लोक एकमेकांविरुद्ध शस्त्रे उचलून भांडतात हे पाहून वाटलेली भीती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकात चार दृश्यांची ही उपपत्ती बुद्धीला पटत नाही असे सांगितले, आणि ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या वादाची हकिकत दिली.

हे केवळ चरित्रसंशोधन आहे असे वाटेल. साधकाच्या दृष्टीने त्यात फार मोठी गोष्ट आहे. जरा, व्याधी आणि मरण यांचा विचार भगवंतांच्या स्वतःच्या तोंडून अंगुत्तरनिकायात येतो, पण तिथे रथ नाही आणि रस्त्यावरचा म्हातारा नाही. तिथे एक सुखात वाढलेला तरुण आहे. तो स्वतःशी म्हणतो की, सामान्य माणूस स्वतः म्हातारा होणारच असतो, तरी दुसऱ्या म्हाताऱ्याला पाहून त्याला किळस येते. मीही असाच वागलो तर ते मला शोभणार नाही. असा विचार करताच त्याचा तारुण्याचा मद उतरला. तसाच आरोग्याचा मद आणि जीविताचा मद. कथेत सारथी उत्तर देतो आणि राजपुत्र हादरतो. सुत्तात राजपुत्र स्वतःच्या किळसेकडे पाहतो. पहिले ऐकून गहिवर येतो, दुसरे रुग्णालयाच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पाहताना स्वतःवर करून पाहता येते. जुन्या पाठापर्यंत मागे जाण्याचा हा फायदा आहे.

अर्थात अभ्यासाचे धोके सुत्तांनीच सर्वांत कठोर शब्दांत सांगितले आहेत. मज्झिमनिकायाच्या २२ व्या सुत्तात अरिट्ठ नावाचा भिक्षू धम्माचा भलताच अर्थ लावून बसतो, सहकाऱ्यांनी समजावले तरी ऐकत नाही. त्यावर भगवान दोष दाखवतात तो केवळ चुकीच्या अर्थाचा नाही, शिकण्याच्या हेतूचाही आहे: काही जण वादात दुसऱ्याला गप्प करण्यासाठी पाठ करतात. असे शिकणे म्हणजे साप चुकीच्या जागी पकडणे, असे त्यांनी बजावले. अंगुत्तरनिकायात पाठांतरातच दिवस घालवून एकांत टाळणाऱ्या भिक्षूला ते धम्मविहारी म्हणायला तयार नाहीत. आणि उलट बाजूही आहे. चेदी देशात सहजातीला महाचुंदाने भिक्षूंना सुनावले ते दोन्ही गटांना. ध्यान करणारे धम्माचा अभ्यास करणाऱ्यांना नावे ठेवतात, अभ्यास करणारे ध्यान करणाऱ्यांना. दोघांनी एकमेकांची स्तुती करायला शिकावे, कारण अमृतपदाला स्पर्श करणारेही विरळा आणि खोल अर्थ भेदून पाहणारेही विरळा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा झगडा आजही तसाच्या तसा चालू आहे, हे कोणत्याही साधक मंडळात जाऊन पाहावे.

आजच्या वाचकाला एक सोय आहे जी सातिमित भाणकाला नव्हती. हीच सुत्ते दुसऱ्या पंथांनीही जपली आणि त्यांचे चिनी अनुवाद आगम या नावाने टिकले. त्यांतल्या मध्यम-आगमाचा अनुवाद इसवी सन ३९७-३९८ मध्ये झाला. राहुलाच्या उपदेशाचे सुत्त तिथेही आहे. मूळचे जर्मन असलेले भिक्षू अनालयो यांनी सतिपट्ठान सुत्ताची पाली आणि दोन चिनी रूपे शेजारी ठेवली तेव्हा कायानुपश्यनेत तिन्हींत सामाईक अशा तीन साधना निघाल्या: शरीराचे अवयव, धातू, आणि प्रेताचा क्षय. श्वासावरचे लक्ष मात्र एका चिनी रूपात या जागी नाही. म्हणून आनापान सोडायचे असे कोणी म्हणत नाही, ते इतर सुत्तांत भरपूर आहे. पण ज्या साधकाने सतिपट्ठान म्हणजे श्वास पाहणे एवढेच धरले होते, त्याला शरीराच्या नश्वरतेकडे पाहण्याची टाळलेली साधना पुन्हा हाती घ्यावी लागते.

महाराष्ट्रात या अभ्यासाला जमीन तयार आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालू आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात वाचायला आणि लिहायला मनाई असते, आणि त्या दहा दिवसांपुरते ते योग्यच आहे. पण जुन्या साधकांसाठी तिथेच सतिपट्ठान शिबिरही असते, ज्यात महासतिपट्ठान सुत्त रोज समजावून दिले जाते. म्हणजे ग्रंथाला दार बंद नाही, त्याची वेळ ठरलेली आहे. घरी परतल्यावर ती वेळ आपण ठरवायची असते. मूळ पाली देवनागरीत उपलब्ध आहे: भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेले ४१ खंड आहेत, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची आवृत्ती आहे, आणि कोसंबींनी केलेला सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद आहे.

एका वेळी एकच सुत्त घ्यावे, तेही छोटे. आठवडाभर तेच वाचावे. पहिल्या दिवशी नुसते मोठ्याने, नंतर कोण कोणाला, कुठे, कशासाठी सांगतो आहे ते पाहत. जे पटत नाही तिथे खूण करावी, घाईने पटवून घेऊ नये. बैठकीच्या आधी त्यातला एक परिच्छेद म्हणावा आणि बैठकीत मात्र तो सोडून द्यावा. काय वर यायचे ते आपोआप येते. रात्री दिवसातला एक प्रसंग त्या सुत्ताला लावून पाहावा. महिन्याला चार सुत्ते झाली तरी पुष्कळ.

आणि शेवटी विहारांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. संध्याकाळी वंदना, त्रिशरण-पंचशील, मग वाचन, अशी ही मोठी लोकपरंपरा उपासक-उपासिकांनी स्वतःच्या बळावर उभी केली आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथातला पुष्कळसा भाग मूळ पाली सुत्तांवर आधारलेला आहे, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना त्या आधारांचा शोध घेऊन संदर्भ दिले आहेत. यंदाच्या वर्षावासात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी, जेव्हा वाचलेल्या प्रकरणामागचे मूळ सुत्त कोणीतरी पुनरावृत्तीसकट मोठ्याने वाचेल, त्यानंतर सगळे दहा मिनिटे शांत बसतील, आणि मग ज्याला वाटेल त्याने ते स्वतःच्या आठवड्याला लावून सांगावे.